अंगठा उचलायचा नसतो

साठवर लाव, सॅमसन म्हणाला,
साठ म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा.
मी एकशेचाळीसवर लावून आले होते.

शरणपूरच्या त्याच्या खोलीत
एक पंखा, दोन खुर्च्या
आणि ऑर्केस्ट्रा बंद पडल्यावर वाट्याला आलेला अ‍ॅम्प,
ज्याच्या जाळीत कुठल्याशा लग्नाच्या अक्षता
अजून अडकून आहेत.
त्रेचाळिसाव्या वर्षी बास कशाला, हे त्याने विचारलं नाही.
फक्त माझा हात बघितला बराच वेळ.
हा मारतोय, म्हणाला.
मारायचं नाही. पडू द्यायचं.

म्हणायला काय जातं.

जाड तार, अंगठ्याच्या सांध्याची बाहेरची कड: थड.
मग तर्जनी खालून तार ओढते, सोडते: टण्.
थड टण्. थड टण्.
साठला जमतं. सत्तरला जमतं.
नव्वदला दोघं एकमेकांत घुसतात,
सीबीएसच्या सिग्नलला रिक्षा घुसतात तसे,
आणि मग कुणीच कुठे जात नाही.

तिसऱ्या आठवड्यात फोड आला. फुटला.
सोमवारी सातपूरला, कंपनीच्या गेटवर,
यंत्राने माझा अंगठा ओळखला नाही.
कृपया पुन्हा प्रयत्न करा, आतली बाई म्हणाली.
कृपया पुन्हा प्रयत्न करा.
मागे पहिल्या पाळीची अख्खी रांग.
बाई, मी म्हटलं, दुसरं काय करतेय.

शिरोडेसाहेबांनी रजिस्टर काढलं.
भाजलं वाटतं? पोळ्या करताना?
हो, म्हटलं.
दिवसभर व्हॉल्व्ह तपासले गेजने,
पास, पास, नापास, पास,
आणि टेबलाखाली पाय साठवर.

अण्णांचा उजवा कान तांबट आळीतच राहिला.
पन्नास वर्षं हंडे मठारले, त्यातच गेला.
आता पाथर्डी फाट्याला, तिसऱ्या मजल्यावर,
त्यांना ऐकू येतं ते फरशीतून, पलंगाच्या पायातून.
रात्री मी अ‍ॅम्पशिवाय वाजवत होते,
बासची कड पलंगाला टेकलेली.
ते उठून बसले.
दुसरा ठोका उशिरा येतोय, म्हणाले.

त्यांना बास माहीत नाही.
सतार का ही, विचारलं होतं पहिल्या दिवशी,
मग, एवढ्या जाड तारेची कसली सतार.
पण हात पुढे केला आणि पंजा ठेवला लाकडावर,
गाभण गाईच्या पोटावर ठेवतात तसा.

हातोडी तू उचलतेस, म्हणाले.
उचलली की दुपारपर्यंत दंड मरतो.
हातोडी पाडायची.
वर तिला तांबं पाठवतं.

मी म्हटलं, सॅमसनही हेच म्हणतो.
कोण?
मी मोठ्याने म्हटलं.
मग शहाणा आहे, म्हणाले,
आणि डावा हात हवेत फिरवला,
जणू मांडीपाशी हंडा आहे, निम्मा झालेला.
लोकांना उजवा ऐकू येतो.
दोन ठोक्यांच्या मध्ये हंडा फिरवतो तो हा.
हा चुकला की खळगा पडतो.

माझा डावा.
मानेवर नुसता बसून राहिलेला डावा,
ज्याने तार दाबून तिचा आवाज मारायचा असतो
म्हणजे पुढच्या आवाजाला जागा होते.
महिनाभर मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

शहाण्णवला तीनदा लागलं.
अंगठा तारेवरून स्वतःच उडाला,
कुणी हाक मारल्यासारखा.
चौथ्यांदा मी खूश झाले आणि गेलं.

कंपनीत आता माझा डावा अंगठा नोंदवलाय.
शिरोडेसाहेब म्हणाले, तात्पुरता.

साडेअकरा. खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली,
दोनदा, आणि तीही ठेक्यात नाही.
थांबू का, विचारलं.
अण्णांना काठी ऐकू आली नव्हती. मीही नव्हते आले.
डोळे मिटलेले, पंजा लाकडावर,
फक्त मान हलत होती,
मी अजून न वाजवलेल्या कशावर तरी.
फिरव, म्हणाले.